नवा लॅपटॉप, जुना प्रिंटर: विंडोजने नेमकं काय बंद केलंय?

‘विंडोज ११ वर जुने प्रिंटर बंद’ असं वाचून टेन्शन घेतलं असेल, तर आधी हे बघा: आज चालणारा प्रिंटर उद्या अचानक थांबणार नाही. अडचण येईल ती नवा लॅपटॉप घेतल्यावर.

कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावून सांगणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. केबल जोडली की विंडोज अपडेट तो आपोआप शोधून आणायचं. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं की ही सोय टप्प्याटप्प्याने आवरती घेणार. १५ जानेवारी २०२६ पासून कंपन्यांचे नवे प्रिंटर ड्रायव्हर तिथे सरसकट घेणं थांबलं. १ जुलै २०२६ पासून पहिली पसंती विंडोजच्या स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला. १ जुलै २०२७ पासून तिथे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन स्वतः टाकायला मात्र बंदी नाही.

कारण पटण्यासारखं आहे. छपाईच्या यंत्रणेतून अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येतो, हे २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ने दाखवलं. आयपीपीवाल्या नव्या प्रिंटरला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. पण भुर्दंड कोणाला? कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० वापरणाऱ्यांना. झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या ऑफिसात दिसतात तेच हे. टोनर भरला की निमूट चालणारे. त्यांना आयपीपी कळत नाही. १०२० तर इतका परावलंबी, की चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअरसुद्धा कॉम्प्युटरनेच पाठवायचं! ड्रायव्हर मिळाला नाही तर धडधाकट मशीन भंगारात.

म्हणून कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आहे तोवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. ६४-बिटचाच घ्या, विंडोज ११ मध्ये ३२-बिट येतच नाही, त्यामुळे जुन्या सीडीचा भरवसा धरू नका. फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या नादी तर अजिबात लागू नका. आणि सेटिंग्जमधला ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ बंदच राहू द्या, तो चालू केला की असे प्रिंटर गायब होतात.

स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप घेणार असाल तर जरा थांबा. त्याला एआरएमसाठी बनवलेलाच ड्रायव्हर लागतो, इंटेलचा चालत नाही. दुकानात हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

जुना पीसी पडून असेल तर त्यावर लिनक्स टाकून ‘कप्स’मधून प्रिंटर शेअर करता येतो. १०२० साठी तिथे ड्रायव्हर आहे, आणि मग वायफायवरून फोनची प्रिंटही निघते.