पदकाआधीचा हिशेब

२ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे भरलेल्या जागतिक ज्युनिअर वेटलिफ्टिंग स्पर्धेत मावळ तालुक्यातील वडगावच्या हर्षदा गरुड या मुलीने ४५ किलो वजनगटात सुवर्णपदक मिळविले. स्नॅचमध्ये ७० किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो, अशी तिची एकूण कामगिरी १५३ किलोंची होती. स्वतःच्या देहाच्या पावणेदोनपटीहून अधिक वजन तिने डोक्यावर तोलून धरले. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. त्याच वर्षी ताश्कंदच्या आशियाई ज्युनिअर स्पर्धेतही तिने सुवर्ण मिळविले. देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु कौतुकाबरोबर एक प्रश्न विचारला जावयास हवा होता, तो फारसा विचारला गेला नाही. ही मुलगी वडगावातच का घडली? घाटंजीत, मारेगावात किंवा झरी-जामणीत का घडली नाही?

याचे उत्तर 'उपजत गुण' या शब्दांत देण्याची आपल्याकडे सवय आहे. ते सोयीचे असते, कारण त्यात कोणाचीच जबाबदारी उरत नाही. वस्तुतः हर्षदाची वाटचाल पाहिली तर वेगळे चित्र दिसते. तिचे वडील शरद गरुड हे स्वतः या खेळात उतरलेले होते. वडगावात बिहारीलाल दुबे यांच्यासारखा प्रशिक्षक होता आणि त्यांची व्यायामशाळा गावातच होती. म्हणजे खेळ जाणणारे घर, शिकविणारा माणूस आणि पायी जाता येईल अशी जागा, या तीन गोष्टी तिच्या जन्माआधीपासून तयार होत्या. २०२२ सालीच मेक्सिकोतील लिओन येथे जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक मिळविणारी आकांक्षा व्यवहारे मनमाडची. त्याच वर्षी पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्राला वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळवून देणारी काजोल सरगर सांगलीची. तिच्या वडिलांची पानाची टपरी, आणि तिचा भाऊ संकेत हा बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्यपदकाचा मानकरी. वडगाव, मनमाड, सांगली. यांतले कोणतेही गाव राजधानी नव्हे आणि यांतले कोणतेही घर धनिकाचे नव्हे. मात्र या तिन्ही नावांत विदर्भाचे नाव नाही, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात वजनाची वाण नाही. सोळा तालुक्यांच्या या कापूसपट्ट्यात निंदण आणि वेचणी ही प्रामुख्याने बाईची कामे. ओटीत वेचलेला कापूस गाठोड्यात बांधून ती डोक्यावर घेते. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, म्हणून तेवढे वजन काट्यावर चढते. हंगाम संपल्यावर पऱ्हाटीचा भारा घरी येतो, उन्हाळ्यात पाण्याचे हंडे येतात. हे वजन मात्र कोणीच तोलत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला इजा होईल इतके ओझे उचलायला लावण्यास मनाई केली, आणि पुरुष, स्त्रिया, किशोर व मुले यांच्यासाठी कमाल वजन ठरविण्याचा अधिकार राज्यांना दिला. कारखान्याच्या फाटकाबाहेर, शेताच्या बांधावर, ती मर्यादा कधी पोहोचली नाही.

येथे एका भाबड्या समजुतीचे निराकरण केले पाहिजे. लहानपणापासून ओझी वाहणाऱ्या कष्टकरी मुली या खेळात आपोआप पुढे येतील, असे अनेक सहृदय माणसेही बोलून जातात. मीराबाई चानू यांनी बालपणी डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणल्याची कथा त्यासाठी सांगितली जाते. कथा खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. मोळ्या वाहणाऱ्या मुली मणिपुरात हजारो होत्या. त्यांतल्या एकीला इम्फाळचे प्रशिक्षण केंद्र गाठता आले. तेथे नेणाऱ्या वाळूच्या ट्रकचालकांनी तिच्याकडून भाडे घेतले नाही, आणि तिच्यापुढे त्याच राज्यातील कुंजराणी देवींचे उदाहरण होते. २०२१ साली टोकियोत तिने २०२ किलोंसह रौप्यपदक मिळविले, ते मोळीमुळे नव्हे, तर मोळी खाली ठेवून केंद्रात जाता आले म्हणून.

काबाडकष्ट म्हणजे सराव नव्हे. या खेळाच्या प्रशिक्षणाचे शास्त्र तीन पायांवर उभे असते. पहिला पाय मोजलेल्या वजनाचा. आज किती, उद्या किती, महिन्याने किती, हे ठरवून अर्ध्या-एक किलोने वाढविलेले वजन. दुसरा पाय अन्नाचा. ताणलेला स्नायू पुन्हा बांधला जातो तो प्रथिनांनी. तिसरा पाय विश्रांतीचा. शक्ती वाढते ती वजन उचलताना नव्हे, उचलून झाल्यानंतरच्या झोपेत. शेतमजुराच्या मुलीजवळ वजन आहे, पण ते मोजलेले नाही; अन्न अपुरे आहे; विश्रांती तर कोणी दिलेलीच नाही. त्यामुळे जे वजन एका मुलीला घडविते तेच दुसरीची कंबर मोडते.

अन्नाचा प्रश्न येथे अलंकारिक नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या आकड्याला आता खेळाच्या नियमांशी जोडून पाहावे. ज्या ४५ किलो गटात हर्षदाने जग जिंकले तो गट ऑलिंपिकमध्ये नव्हता. टोकियो आणि पॅरिस येथे स्त्रियांचा सर्वांत हलका गट ४९ किलोंचा होता, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी तो ५३ किलोंचा जाहीर झाला आहे. पंचेचाळीस किलोंच्या मुलीला तेथे पोहोचायचे तर आठ किलोंची भर, तीही चरबीची नव्हे तर स्नायूंची, अंगावर घालावी लागेल. ही भर दूध, अंडी, डाळ, मांस यांतून येते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे पैसे लागतात. जागतिक महासंघाच्या एका निर्णयाने यवतमाळच्या शेतमजुराच्या घरातील मुलीसाठी ऑलिंपिकचे दार किती दूर सरकले, याचा विचार निर्णय घेणाऱ्यांना करावा लागत नाही. तो तिच्या आईला करावा लागतो.

आता शासनाच्या धोरणाकडे वळावे. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला दरमहा दहा हजार रुपये भत्ता देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण दिले गेले. २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांना राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. यांतल्या कशालाही विरोध करण्याचे कारण नाही. परंतु या सर्व तरतुदींत एक समान सूत्र आहे: खेळाडूने आधी सिद्ध व्हावे, मग शासन पुढे येईल. बारा ते सोळा या वयात, जेव्हा काहीच सिद्ध झालेले नसते आणि खर्च मात्र रोज होत असतो, तेव्हाचा भार कुटुंबाने उचलायचा. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर धोका खासगी आणि कीर्ती सार्वजनिक, अशी ही व्यवस्था आहे. ज्या घराला चार वर्षे धोका पत्करता येतो त्याच घरातली मुलगी चाळणीतून पुढे जाते. बाकीच्या निवडल्याच जात नाहीत, म्हणून त्यांची मोजदादही होत नाही. शेतमजुराच्या घरी तर याच चार वर्षांत मुलगी वेचणीला जाऊ लागते किंवा तिचे लग्न ठरते.

यावर एक आक्षेप कार्यकर्त्यांच्याच तोंडून येईल, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. जो जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला गेला, ज्या जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेथे लोखंडाच्या चकत्यांची मागणी करणे हा शौक नव्हे काय? कापसाचा भाव, सिंचन, रोजगार हे प्रश्न बाजूला ठेवून व्यायामशाळा मागायची काय?

उत्तर असे की, काहीही बाजूला ठेवायचे नाही. मुलीला वेटलिफ्टिंग करता यावे म्हणून जे जे लागते ते ते सर्व तिला खेळाडू न होतासुद्धा लागते. पुरेसे अन्न, रक्ताची तपासणी, शाळेत टिकून राहण्याची मुभा, लग्न लांबविण्याचा अधिकार, संध्याकाळी घराबाहेर निर्भयपणे जाता येईल अशी सार्वजनिक जागा, यांतली कोणती मागणी चळवळीला परकी आहे? शिवाय स्त्रीच्या बळाला मान्यता देण्याचा प्रश्न आहेच. पुरुषांच्या वेटलिफ्टिंगला १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येच स्थान मिळाले. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली झाली आणि ऑलिंपिकचे दार त्यांना २००० साली सिडनीत उघडले गेले. त्याच सिडनीत कर्णम मल्लेश्वरी यांनी २४० किलोंसह कांस्यपदक मिळविले आणि ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. बाईला जड काम जमते हे शेतमालकाला शतकानुशतके माहीत होते; ते नियमपुस्तकात शिरायला एकशे चार वर्षे लागली.

तेव्हा मागणी नेमकी असावी. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने तालुका क्रीडा संकुलांची कल्पना स्वीकारली. आपल्या तालुक्यातील संकुलात मुलींसाठी काय आहे, हे कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. एक लाकडी फलाट, स्त्रियांसाठी असलेला पंधरा किलोंचा बार, नवशिक्यांसाठी त्याहून हलका बार आणि रबरी चकत्या, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्यासाठी भव्य इमारत लागत नाही. लागतो तो पगारी प्रशिक्षक, आणि मुलींसाठी शक्य तेथे प्रशिक्षिका. मानधनावर वर्षभर ठेवून सोडून दिलेला माणूस खेळाडू घडवू शकत नाही. सराव करणाऱ्या मुलींना रोजचा आहार आणि नियमित रक्ततपासणी हे संकुलाच्या अंदाजपत्रकाचेच भाग असावेत. जेथे गाव दूर आहे तेथे एस. टी.चा पास किंवा वसतिगृहातील जागा हवी. अनुभव येथून फार दूर नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने लोकाश्रयावर किती मोठे काम उभे राहू शकते हे दाखवून दिले आहे. लोकाश्रयाने जे केले ते शासनाने करू नये, असे मात्र नव्हे.

आणखी एक सावधगिरी हवी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोन भारतीय महिला वेटलिफ्टर उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत सापडल्या. अशा प्रकरणात नाव खेळाडूचे जाते. गोळी हातावर ठेवणारा बहुधा अंधारातच राहतो. म्हणून आपल्या पोटात काय जाते हे विचारण्याचा हक्क मुलीला पहिल्याच दिवशी शिकविला पाहिजे.

हे सर्व केले म्हणून पाच वर्षांत यवतमाळला पदक येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये. कदाचित येणार नाही. परंतु केळापूरच्या किंवा उमरखेडच्या दहा मुली रोज संध्याकाळी पोटभर खाऊन, आपल्या मर्जीने, मोजलेले वजन उचलतील आणि उचलून झाल्यावर ते खाली ठेवू शकतील, एवढे नक्की होईल. त्यांच्या आयांना ओझे खाली ठेवण्याची मुभा कधी मिळाली नाही. पदकाआधीचा हिशेब मांडायचा तर तो येथून मांडला पाहिजे.