भूकवच आणि प्रावरण : एका रूढ समजुतीविषयीं

पृथ्वीच्या पोटांत सर्वत्र धगधगता रस भरलेला असून त्यावर तरंगणाऱ्या पातळ सालीवर आपण राहतों, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही आढळते. धरणीकंप झाला कीं "पोटांतला अग्नि खवळला" असें म्हणून वडील मंडळी मोकळी होतात, आणि मुलेंही तेंच खरें मानून चालतात. माझ्या मतें ही समजूत नुसती चुकीची नाहीं, अपायकारकही आहे.

भूकवच व त्याखालील प्रावरण यांची तुलना करून पाहूं. खंडांखालीं कवचाची जाडी साधारणतः ३० ते ५० किलोमीटर असते, महासागरांखालीं अवघी ५ ते १० किलोमीटर. प्रावरण मात्र सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेलें आहे. पृथ्वीच्या आकारमानाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्यानेंच व्यापिला आहे. खंडांच्या कवचांत ग्रॅनाइटसारखे हलके खडक विपुल. प्रावरणाच्या खडकांत मॅग्नेशियम व लोह यांचें प्रमाण अधिक, म्हणून ते जड. परंतु दोन्ही थर घन खडकाचेच आहेत.

हें कशावरून? प्रावरणापर्यंत कोणीही उतरलेला नाहीं. रशियांतील कोला द्वीपकल्पावर १९७० सालीं खोदावयास घेतलेलें विवर १९८९ सालीं १२,२६२ मीटर खोल गेलें. तरी तेथील कवचाचा निम्मा भागही भेदला गेला नाहीं. मात्र भूकंपाच्या लहरी माणसाला न पोंचतां येणाऱ्या ठिकाणीं जाऊन येतात. १९०९ सालीं झाग्रेब शहराजवळ झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासतांना आंद्रिया मोहोरोविचिच यांस असें दिसलें कीं, कांहीं लहरी इतरांच्या पुढें निघून येतात; अर्थात् खालीं त्यांस अधिक वेगानें नेणारा निराळा थर असला पाहिजे. कवच व प्रावरण यांमधील सीमा ती हीच. शिवाय आडवे हेलकावे देणाऱ्या लहरी द्रवांतून जाऊं शकत नाहींत, पण प्रावरणांतून त्या खुशाल जातात. द्रव आहे तो त्याच्याही खालचा बाह्य गाभा.

मग सह्याद्रीचा काळा पाषाण कोठून आला, असें कोणी विचारील. प्रावरण घन असलें तरी अत्यंत तप्त आहे, आणि वर्षास कांहीं सेंटिमीटर इतक्या मंद गतीनें तें सरकत असतें. वर येतांना दाब कमी झाला म्हणजे त्याचा थोडासा अंश वितळतो. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं असाच रस भेगांतून वर येऊन थरावर थर थिजले. वितळणें हा येथें अपवाद आहे, नियम नव्हे.

आतां अपाय कोणता तें सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारी येथें झालेला ६.२ तीव्रतेचा धरणीकंप प्रावरणांतून आला नव्हता. कवचाच्याच उथळ भागांत ताणलेला खडक मोडला, आणि भूमि हादरली. हजारों माणसें गेलीं तीं मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदें झोंपेंत अंगावर कोसळल्यामुळें. पोटांतल्या अग्नीला दोष दिला, तर हात जोडून बसण्यावांचून दुसरें कांहींच उरत नाहीं. भिंतीला दोष दिला, तर गवंड्याला सांगतां येतें कीं, बाबा, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घाल, घराभोंवतीं सलग आडवा पट्टा बांध, छपराचें ओझें कमी कर.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, मुलांकडून नुसते जाडीचे आंकडे घोकून घेऊं नयेत, "हें कशावरून?" असें त्यांनीं विचारलें तर रागावूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, भूगोलाचा हा पाठ संपला म्हणजे एकवार आपल्या घराच्या भिंतीकडे नीट पाहा.