वह्या पोचल्या!



तुमच्यापैकी कोण कोण दाभोळला गेलंय? वाशिष्ठी नदी जिथं समुद्राला मिळते, तिथलं हे रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदर. आज तिथं मच्छीमारांच्या होड्या दिसतात आणि माणसांना गाड्यांसकट पलीकडे धोपाव्याला नेणारी फेरीबोट. पण साडेपाचशे वर्षांपूर्वी इथून थेट इराणच्या आखातात जहाजं जायची, बरं का!

१४७२ च्या सुमारास अशाच एका जहाजात रशियाचा एक व्यापारी चढला. नाव अफानासी निकितिन, गाव त्वेर. घोडा विकायला म्हणून तो आपल्याकडे आला होता. चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला, बीदर पाहिलं. फायदा काही झाला नाही, म्हणून परत निघाला. दाभोळ ते होर्मुझ, भाडं सोन्याची दोन नाणी! हे आपल्याला कसं कळलं? अहो, त्यानंच लिहून ठेवलंय. दाभोळ मोठं बंदर आहे, इथं दूरदूरचे घोडे येतात, हेही त्यानं लिहिलंय.

पण बिचारा घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्क शहराच्या अलीकडेच तो वारला. वह्या मात्र पोचल्या! व्यापाऱ्यांनी त्या मॉस्कोला नेऊन राजाच्या दप्तरातल्या एका अधिकाऱ्याच्या हाती दिल्या. कुणीतरी त्यांची नक्कल करून ठेवली. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन नावाच्या इतिहासकाराला ती नक्कल एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली. मूळ वह्या आज नाहीत, नकलाच आहेत.

आता बोटं मोजा. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं पोचवलं, तिसऱ्यानं नक्कल केली, चौथ्यानं जपलं. यातला एक जरी म्हणाला असता, ‘कशाला हवीत ही जुनी बाडं?’, तर दाभोळची ही गोष्ट आज आपल्याला सांगताच आली नसती.

आणखी एक गंमत, खरं तर दुःखाची. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा यानं आरमार आणून दाभोळ जाळलं. ती हकीकत पोर्तुगीजांनी आपल्या ग्रंथांत लिहून ठेवली. म्हणजे जाळणाऱ्याची बाजू आपण वाचू शकतो. पण त्या रात्री दाभोळच्या एखाद्या आईनं मुलाला घेऊन कुठं पळ काढला, ते कोण सांगणार? ज्याचा कागद टिकतो, त्याचं म्हणणं टिकतं. हे एक वाक्य लक्षात ठेवा.

कागद टिकवणं हेच काही माणसांचं रोजचं काम असतं. मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत त्यासाठी वेगळा विभाग असतो. मुंबईचा राजाबाई टॉवर पाहिलाय ना? १८७८ साली पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याखाली मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथल्या संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची वर्णनासहित यादी प्रा. देवस्थळी यांनी केली, ती १९४४ साली छापून निघाली. पुण्याच्या पुराभिलेखागारात तर पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत, कापडात बांधलेले. अशा गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. नाक पुसायचा नव्हे हं!

तिथं काम कसं चालतं? एखाद्या घरून जुने कागद आले, की आधी त्यांना वेगळं ठेवतात. का? त्यांतली कसर नि वाळवी इतर कागदांना लागू नये म्हणून. मग मऊ ब्रशानं धूळ झाडायची, टाचण्या काढायच्या, कारण टाचणी गंजते आणि कागद खाते. चिकटपट्टी तर अजिबात नाही! ती पिवळी पडते आणि अक्षरांवर डाग पाडते. कागद ज्या क्रमानं आले तो क्रम मोडायचा नाही. एका गठ्ठ्यातले कागद एकमेकांचे साक्षीदार असतात. शेवटी क्रमांक देऊन यादी करायची. यादी नसेल तर लाखो कागदांत हवा तो सापडायचा कसा? वाचायला येणाऱ्यानं पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. शाईचा एक थेंब सांडला की संपलं!

आणि लिपी? पूर्वी मराठी कागद बहुतेक मोडीत लिहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती चालू होती, पण आज वाचणारे फार थोडे. कागद शाबूत आहे, पण वाचता येत नाही, असं नको ना व्हायला? काही विद्यापीठांत आणि संस्थांत मोडीचे वर्ग चालतात. तुमच्यातल्या कुणी मोठेपणी जरूर शिका.

आता तुमच्या घराकडे वळू. माळ्यावर एखादी ट्रंक आहे का? पणजोबांची हिशेबाची वही, मुंबईच्या चाकरमान्याची पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, आखातातून आलेलं एखादं उर्दू पत्र? कोकणातला पावसाळा दमट, दोन पावसांत कागदाचा लगदा होतो. आणि घर रंगवायला काढलं की आई म्हणते, ‘टाका रद्दीत!’ आईचंही बरोबर आहे, जागा कुठाय?

म्हणून या रविवारी एवढंच करा. आजीजवळ बसा, ट्रंक उघडा. हात धुऊन, कोरडे करून मगच कागद धरा. प्रत्येक कागद कुणाचा, कधीचा, ते आजीला विचारा आणि वेगळ्या वहीत लिहा. त्या कागदावर नका लिहू! मग सुती कापडात बांधून, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. आई-बाबांनो, रद्दीवाला येण्याआधी मुलांना एक रविवार द्याल ना?

आजी सांगेल तेच खरं महत्त्वाचं. कागद उद्याही कपाटात असेल, पण ‘हे अक्षर माझ्या वडिलांचं’ असं सांगणारं माणूस रोज भेटत नाही.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर वही तयार ठेवा!