सांधा बदलताना

ठाकुर्लीत राहणाऱ्या माणसाला रुळांचे ज्ञान आपोआप येते. डोंबिवली आणि कल्याण या दोन बड्या शेजाऱ्यांच्या मध्ये आमचे हे चिमुकले स्टेशन. बहुतेक जलद गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न पाहता धडधडत निघून जातात. रेल्वेचे जुने वीजघर, रेल्वेच्या चाळी आणि रेल्वेची मैदाने यांच्या सावलीत हे गाव वाढले. त्यामुळे सांधा म्हणजे काय, हे येथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती या सांध्यावरून. बसलेल्या उतारूला जरासा हिसका बसतो, उभा असलेला शेजाऱ्याच्या पायावर पाय देतो, आणि गाडी पुढे जाते. तिने जुन्या रुळाशी बेइमानी केली, असे काही कोणी म्हणत नाही.

माणसाने रूळ बदलला की मात्र आपण नेमके तेच म्हणतो. आणि तो माणूस खेळाडू असला तर विचारूच नका!

इस्राएल फोलाऊ या ऑस्ट्रेलियन खेळाडूचेच पाहा. आईबाप मूळचे प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांचे. मुलगा जन्मला आणि वाढला ऑस्ट्रेलियात. 2007 साली अगदी कोवळ्या वयात तो तेरा गड्यांच्या रग्बीत, म्हणजे ‘रग्बी लीग’मध्ये, चमकला. पुढे ते सोडून तो ऑस्ट्रेलियातल्या अठरा गड्यांच्या फुटबॉलकडे वळला. तेथे काही जम बसेना. मग 2013 साली त्याने पंधरा गड्यांच्या रग्बीत, म्हणजे ‘रग्बी युनियन’मध्ये, पाऊल टाकले आणि ऑस्ट्रेलियातर्फे 73 कसोटी सामने खेळला. समलिंगी लोकांविषयी जाहीरपणे लिहिलेल्या मजकुरावरून 2019 साली तेथल्या मंडळाने त्याचा करार रद्द केला. त्यानंतर फ्रान्समधल्या एका संघातर्फे तो पुन्हा तेरा गड्यांत गेला, आणि 2022 साली आईबापांच्या टोंगाचा सदरा अंगावर चढवून पुन्हा पंधरा गड्यांत आला. एका आयुष्यात किती हे सांधे!

आता तुम्ही म्हणाल, तेरा काय नि पंधरा काय, चेंडू तोच ना? तेच तर सांगायचे आहे. चेंडू तोच, नाव तेच, पण घरे दोन. एके काळी तेही घर एकच होते. 1895 साली इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लब वेगळे निघाले, त्याचे कारण मोठे संसारी होते. तिकडचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा तर पाळी बुडे आणि मजुरीही बुडे. ती भरपाई क्लबांनी द्यावी की देऊ नये, एवढ्यावरून घर फुटले. पुढे पंधरा गड्यांच्या रग्बीने 1995 सालापर्यंत खेळाचे पैसे उघडपणे घेऊ दिले नाहीत. जो तेरा गड्यांच्या खेळात पैसे घेऊन गेला, त्याला जुन्या घराचे दार बंद. तत्त्वाचे बोलणे साहेबांचे, आणि बुडालेली मजुरी खेळाडूची!

आपल्याकडेही अशी एक फाळणी आहे; फक्त आपण तिला तसे म्हणत नाही. कुस्ती एकच, पण तिची घरे दोन: माती आणि गादी. मातीचा आखाडा म्हणजे तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती. ती अंगाला चोळायची, ती पकड देते, पडणाऱ्याला झेलते. तेथे जोड चितपट होईपर्यंत झुंजायची. गादीवर सगळेच निराळे. पायाखाली माती रुतत नाही, पाय सरकतो. वेळ मोजलेली, पंचांचा निर्णय, कागदावरचे नियम. महाराष्ट्र केसरी किताबासाठी आजही माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात, आणि दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांसमोर उभे राहतात ते गादीवर.

हा सांधा ज्यांनी फार लवकर आणि फार मोठ्या जिद्दीने ओलांडला ते म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वर गावी 15 जानेवारी 1926 रोजी त्यांचा जन्म. वडीलही पैलवान, तेव्हा माती ही घरचीच. बावीस वर्षांचे खाशाबा 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. ते गेले तेव्हा गादीची सवय नव्हती आणि तिकडच्या नियमांचीही नव्हती. तरी ते सहावे आले. तेथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना गादीवरचे धडे दिले, हे मला त्या सहाव्या क्रमांकापेक्षाही मोठे वाटते. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच खेळाची मुळाक्षरे बाविसाव्या वर्षी पुन्हा गिरवायला मन मोठे लागते.

1952 साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशांची अडचण आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावच्या लोकांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. विचार करा, मंडळी: शिष्याने गादीवर पाय ठेवावा म्हणून गुरुजनाने आपल्या डोक्यावरचे छप्पर सावकारी कागदावर लिहून द्यावे! त्या 57 किलो वजनाच्या गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले आणि कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 साल उजाडेपर्यंत थांबावे लागले.

ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घेऊन त्याला उलथवायचा हा डाव आपल्या मातीतला. तो त्यांनी गादीवर नेला. म्हणजे रूळ बदलला तरी डब्यातले सामान तेच होते.

पण त्याच हेलसिंकीतली आणखी एक हकीकत सांगतात. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरून खाशाबा दमलेले असताना, त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता. परंतु तो दाखवून पंचांशी भांडायला आपला एकही अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. खाशाबा लढले आणि हरले. इशीने सुवर्ण नेले, मामेदबेयोवने रौप्य. ताकद होती, डाव होता, छातीही होती. नियमांचे पुस्तक हातात घेऊन शेजारी उभा राहणारा माणूस तेवढा नव्हता.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म येथे आहे. मैदान बदलणे हा गुन्हा नव्हे. पण बदलणाऱ्याला एकटे सोडणे हा मात्र आपला, म्हणजे घरच्यांचा आणि समाजाचा, दोष असतो.

हे एवढे सुचायला निमित्त झाले आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचे. सहा वर्षे ती खो-खो खेळते आहे. जिल्ह्याच्या संघात आहे. सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. एका शिबिरात तिची चपळाई पाहून कोणीतरी सुचवले की, तू रग्बी खेळून पाहा. झाले! घरात रोज संध्याकाळी सभा. एके रात्री तिची आई माझ्याकडे आली.

“काका, तुम्ही तरी सांगा हिला. सहा वर्षांचा घाम वाया घालवायला निघालीय. आणि तो खेळ कसला? एकमेकींना आडवं पाडायचं! दात पडले तर उद्या कोण निस्तरणार?”

वडिलांची चिंता निराळी. खो-खोच्या प्रमाणपत्रांवर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी मिळण्याची आशा. नव्या खेळात पुन्हा शून्यापासून सुरुवात. ते चूक बोलत होते असे मला वाटत नाही. मध्यमवर्गाच्या घरात घाम हीसुद्धा एक ठेव असते, आणि मुदतीपूर्वी ठेव मोडताना कोणाचाही हात थरथरतो.

मुलगी सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “काका, खो-खोत पाठलागाला निघालं की मागे वळता येत नाही, दिशा एकच. रग्बीत वळावं लागतं आणि चेंडूही मागेच द्यावा लागतो. हे सगळं मला नव्यानं शिकायचंय. पण सूर मारायची भीती तर आधीच गेलीय ना माझी?”

मग जरा थांबून हळूच म्हणाली, “सरांना मात्र अजून सांगितलं नाहीये. त्यांना वाटेल, मी त्यांना सोडून चालले.”

दात आणि नोकरी यांच्या चिंतेत त्या सरांची आठवण मोठ्या माणसांपैकी कोणालाच झाली नव्हती. पावसाळ्यात चिखल तुडवत, उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे उठून, पदरमोड करून या मुलांना मैदानावर उभे करणारा हा माणूस. त्याला ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली असती तर?

मी त्यांना तीन गोष्टी सुचवल्या; ज्या घरात असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी त्या येथेही लिहून ठेवतो. पहिली, नव्या खेळाचे नियम घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने मुलीबरोबर बसून शिकावेत; प्रतिस्पर्ध्याला कसे धरावे, कसे पडावे, हे नीट शिकवणारा प्रशिक्षक आहे की नाही ते मैदानावर जाऊन डोळ्यांनी पाहावे. दुसरी, एक वर्षाचा हिशेब मांडावा: बूट, प्रवास, दुखापतीचा खर्च आणि बुडणारा अभ्यास. पैसे कमी पडणार असतील तर ते मुलीपासून लपवू नये. आणि तिसरी, जुन्या गुरूला सगळ्यांच्या आधी, स्वतः जाऊन सांगावे.

ती दोघे मायलेकी रविवारी सरांकडे गेल्या. सर बराच वेळ गप्प होते म्हणे. मग त्यांनी विचारले, “तिकडे सरावाला कोण आहे? मी एकदा येऊन बघतो.” पुढच्या रविवारी ते खरोखरच गेले. मुलगी नव्या खेळात टिकेल की परत येईल, हे मला ठाऊक नाही. दोन्हींत काही वाईट नाही.

खाशाबा पुढे 1955 साली पोलीस खात्यात फौजदार झाले, आणि 1984 साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. पदक घेऊन ते हेलसिंकीहून परतले तेव्हा मात्र गावाने शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली होती. त्या बैलगाड्यांना गादी आणि माती यांतला फरक ठाऊक नव्हता. आपला माणूस परत आला, एवढेच ठाऊक होते.

तुमच्याही घरात एखादा मुलगा किंवा मुलगी सांध्यावर उभी असेल. दिवाळीचा फराळ झाला की एक डबा भरा आणि मुलाला बरोबर घेऊन त्याच्या पहिल्या गुरुजींकडे जा. चकल्या थोड्या जास्त घाला. बोलणे लांबण्याचा संभव आहे.