दिवाणाचा युरोपातील संचार

परभाषेतून आलेला शब्द म्हणजे घरात शिरलेला तोतया, अशा समजुतीने मराठीची झडती घेणाऱ्या शुद्धिवाद्यांनी ‘दिवाण’ या एकाच शब्दाची युरोपातील भ्रमंती सवडीने अवलोकावी. फारसीतून अरबीत गेलेला हा शब्द ७व्या शतकात खलिफा उमर यांच्या अमलात सैनिकांच्या वेतनाच्या नोंदवहीला लागला. वहीवरून तो कचेरीला लागला. आणि १२व्या शतकात सिसिलीच्या नॉर्मन राजांनी पालेर्मो येथे अरबी वळणाचेच दप्तर चालू ठेवले, तेव्हा लॅटिन कागदपत्रांत ‘दुआना’ या रूपाने तो रुजू झाला. भूमध्य सागरावरील व्यापाऱ्याची सरकारी दप्तराशी गाठ पडे ती मुख्यतः बंदरात महसूल भरताना. म्हणूनच की काय, इटालियन ‘दोगाना’, फ्रेंच ‘दुआन’ आणि स्पॅनिश ‘आदुआना’ या तिन्हींचा अर्थ आजही जकातीची कचेरी असाच आहे.

पुढे उस्मानी तुर्कांच्या दरबाराशी युरोपाचा संबंध वाढला, तसा हाच शब्द दुसऱ्या वाटेने तेथे पोहोचला. तुर्कांची मंत्रिसभा म्हणजे दिवाण, आणि भिंतीलगत मांडलेली गाद्यागिरद्यांची बैठक म्हणजेही दिवाण; परंतु परदेशी वकिलांच्या स्मरणात मसलतीपेक्षा बैठकच अधिक राहिली असावी, कारण रशियनांच्या घरी दिवाण म्हणजे कोच, तर पोलिश मंडळींच्या घरी चक्क गालिचा! जर्मन महाकवी गटे याने मात्र हाफिजच्या काव्याने भारावून १८१९ साली आपल्या कवितासंग्रहालाच हे नाव दिले. ज्याचा जसा व्यवहार, तसा त्याच्या पदरी अर्थ. आमच्या वाट्यास कज्जे आले: बंगालची दिवाणी १७६५ साली कंपनी सरकारकडे गेली, आणि दिवाणी दावे आजतागायत चालूच आहेत.

या शब्दाचे मूळ अभ्यासक प्राचीन फारसी ‘दिपि’ म्हणजे लेख या शब्दात पाहतात, आणि त्याच्याही मागे सुमेरी लोकांच्या मातीच्या लेखपट्टिकेचे ‘दुब’ हे नाव आढळते. अशोकाचा शाहबाजगढी येथील शिलालेख स्वतःस ‘दिपि’च म्हणवितो, आणि आपली संस्कृत ‘लिपि’ही त्याच गोत्रातील, तेव्हा बहिष्कार्य शब्दांच्या याद्या ज्या लिपीत लिहावयाच्या, तिच्या नावाचे काय करावे, हा प्रश्न शुद्धिवाद्यांनीच सोडवावा. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी दबिराचा सुमंत झाला, त्यामागील राजकीय हेतू आम्हांस सर्वथैव मान्य आहे. तथापि दबीर म्हणजे लेखनिक, आणि तोही दिपीच्याच कुळातला.