व्यसनमुक्तीचा खर्च : काटकसर कोठे करावी?

निपाणीच्या रस्त्यांवरून जाताना तंबाखूच्या वखारींचा उग्र दर्प नाकाला झोंबतो. त्याच तंबाखूवर आमच्या परिसरातील कित्येक चुली पेटतात. पहाटेपासून विड्या वळणाऱ्या मातांचे कष्ट आम्ही विद्यार्थी पाहतो. आणि त्या कष्टाची मजुरी सायंकाळी दारूच्या दुकानात कशी रिती होते, तेही पाहतो. म्हणूनच व्यसनमुक्तीसाठी शासनाने किती पैसा वेचावा, हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही.

व्यसन हा केवळ दुर्गुण होय, ही समजूत फार जुनी आहे. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना १९४९ चा दारूबंदी कायदा येथे लागू झाला. तरी हातभट्ट्या विझल्या नाहीत. कर्नाटक शासनाने १ जुलै २००७ पासून अरक या स्वस्त दारूवर बंदी घातली. पिणारे दुसऱ्या बाटलीकडे वळले. बंदीने दुकान बंद होते, देहाला जडलेली ओढ नव्हे. व्यसन हा आजार आहे. त्याला औषध हवे, समुपदेशन हवे आणि दीर्घकाळ पाठपुरावा हवा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने हेच दाखवून दिले.

आमच्या एका वर्गमित्राचे वडील दूरच्या गावी उपचार घेऊन परतले. काही महिने त्या घरात हसू नांदले. पुढे तपासणीस जाण्यापुरते प्रवासभाडेही जमेना, आणि बाटली पुन्हा घरात आली. जवळपास विनामूल्य केंद्र असते, तर?

कोणी म्हणेल, आपल्या हाताने पिणाऱ्यावर जनतेचा पैसा का उधळावा? परंतु दारूवरील अबकारी कर हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा झरा आहे. रोग वाढविणाऱ्या वस्तूतून धन घ्यावे आणि औषधाच्या वेळी हात आखडावा, हा कोठला न्याय? मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यघटनेचे ४७ वे कलम राज्यास सांगते.

कपातीचा धडा परदेशातही मिळतो. स्कॉटलंडमध्ये २०१६-१७ साली अशा सेवांचे अनुदान सुमारे ६ कोटी ९० लाख पौंडांवरून ५ कोटी ४० लाखांवर आणले गेले. अमली पदार्थांमुळे २०१६ मध्ये तेथे ८६८ माणसे दगावली होती. २०२० मध्ये ती संख्या १,३३९ झाली. कपात हे एकच कारण नव्हते. तरी २०२१ मध्ये तेथील शासनास पाच वर्षांसाठी २५ कोटी पौंड जाहीर करावे लागले. वाचविलेल्याहून अधिक वेचावे लागले, आणि गेलेली माणसे परतली नाहीत.

यास्तव अबकारी उत्पन्नाचा ठरावीक वाटा प्रत्येक तालुक्यातील उपचारासाठी राखून ठेवावा; त्यास कधीही कात्री लागू नये. शासनाच्या हिशेबवहीत ती एक ओळ असेल. विडी वळणाऱ्या मातेच्या घरी तो उद्याचा दिवस असेल.