पणजीचा कारभार महापालिकेच्या सभागृहात परत आणा!



धूळ आपण पोटभर खाल्ली. सांतिनेज खणले, मळा खणला, बाजाराकडचे रस्ते खणले. बुजवले आणि पुन्हा खणले. २०२४ च्या नववर्षाच्या पहाटे अशाच एका खणून ठेवलेल्या खड्ड्यात दुचाकीसह पडून एका तरुण मुलाचा जीव गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती स्वतः पणजीच्या रस्त्यांवर फिरून कामांची पाहणी करून गेले. धुळीने जीव नकोसा झालेले नागरिक त्यांच्याकडे याचिका घेऊन गेले होते.

रस्त्यावर पाणी मारले की नाही, हे पाहायला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना यावे लागते, तर आपण तीस प्रभागांतून तीस नगरसेवक कशासाठी निवडून देतो? हे पत्रक त्या एका प्रश्नासाठी काढले आहे. तुम्ही नगरसेवकाला विचारले असेल, तर उत्तरही ऐकले असेल : "ते काम आमचे नाही, स्मार्ट सिटीचे आहे." हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते, पण ते बरेचसे खरे आहे. म्हणूनच ते जास्त गंभीर आहे.

स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ रोजी सुरू झाले. पहिल्या वीस शहरांच्या यादीत पणजी नव्हती. मे २०१६ मध्ये जलदगती फेरी झाली, तेरा शहरे वाढली, त्यांत आपण बसलो. केंद्राकडून शहरामागे पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढीच भर राज्याची, असे योजनेचे गणित. पुण्याला जे माप, तेच पणजीला. २०११ च्या जनगणनेत पणजीची वस्ती जेमतेम ४० हजार भरली होती. योजनेतला आकडा पूर्ण धरून भागाकार करून बघा : माणशी अडीच लाख रुपये. एवढ्याशा शहराला एवढी संधी चालून येते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

पण पैशाबरोबर अट होती. हा पैसा महापालिकेने खर्च करायचा नाही. त्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढायची. आपल्याकडे तिचे नाव 'इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड'. मिशनची मार्गदर्शक तत्त्वे शांतपणे वाचावीत अशी आहेत. कंपनीचे भांडवल राज्य आणि महापालिका यांचे निम्मे-निम्मे. म्हणजे निम्मी मालकी तुमची-आमची. मात्र प्रकल्पाबाबतचे महापालिकेचे हक्क आणि जबाबदाऱ्या कंपनीकडे सोपवाव्यात, महापालिकेला कायद्याने मिळालेले निर्णयाचे अधिकार कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला द्यावेत, असे राज्यांना तिथे सुचवले आहे. या अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांसाठी, आणि त्याला मुदतीआधी हटवायचे तर केंद्रीय मंत्रालयाची परवानगी हवी.

आपल्या महापौराची मुदत एका वर्षाची. तो खुर्चीत नीट बसेपर्यंत पुढची निवड येते. कंपनीच्या अधिकाऱ्याला तीन वर्षांचे अभय, आणि ज्याला आपण निवडून दिले त्याच्या हाती फीत कापायची कात्री!

आता दुसरी बाजूही ऐकून घेऊ. कामे गरजेचीच होती, असे सांगितले जाते. होतीच. पणजीची मलनिस्सारण व्यवस्था जुनी, जमिनीखालच्या नळांचे आणि तारांचे जाळे कुणाला धड ठाऊक नसलेले. ते कधीतरी खणावे लागणारच होते. रस्ता खणल्याशिवाय नळ बदलत नाही, हे आम्हालाही कळते. आमचे भांडण खणण्याशी नाही. कुठला रस्ता आधी, कुठला नंतर, पावसाळ्याआधी किती उघडायचे, बाजाराच्या रस्त्यावर माल कुठून उतरणार, शाळेची मुले कुठून जाणार, हे ठरवताना जो तिथे राहतो त्याला विचारले का, एवढेच आमचे म्हणणे आहे. सांतिनेजच्या माणसाला कुठे पाणी तुंबते ते सल्लागाराच्या संगणकापेक्षा आधी कळते. तो ते आपल्या नगरसेवकाला सांगू शकतो. कंपनीच्या संचालक मंडळाला कुठे गाठणार?

आणि पणजीत पाण्याला विचारल्याशिवाय काही करता येत नाही. हे शहर दलदल बुजवून उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो या व्हाइसरॉयने खाचरे आणि चिखल भरून रस्ते आखले, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. खालची जमीन अजून तीच आहे. मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली, की गटारांतले पाणी बाहेर जायला जागा नसते. ते मळ्यात आणि सांतिनेजला घरांत शिरते. ओरेंची खाडी आणि सांतिनेजचा ओहोळ या शहराच्या दोन नाड्या आहेत. शहराचे 'पुनरुज्जीवन' करायचे तर पहिला रुपया तिथे पडायला हवा, गाळ काढण्यावर, पाण्याच्या दारांवर, पंपांवर. नक्षीचे दिवे, रंगीत फरशा आणि 'आय लव्ह' छापाचे फलक मागाहून आले तरी कुणाचे अडत नाही. फीत मात्र फरशीची कापता येते, गाळाची नाही.

शहर चालवायची अक्कल महापालिकेकडे नाही, म्हणून कंपनी लागली, असे काहींना वाटते. त्यांना कचऱ्याची आठवण करून द्यावीशी वाटते. पणजीने रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या, घरोघरी जाऊन ओला-सुका वेगळा गोळा केला, वसाहतींत खताचे खड्डे केले, सुक्या कचऱ्याचेही प्रकार वेगळे केले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०१६ मध्ये देशातल्या शहरांची कचऱ्याच्या कसोटीवर पाहणी केली, तेव्हा आलप्पुळा आणि म्हैसूर यांच्याबरोबर पणजीचे नाव पहिल्या रांगेत होते. ज्या वर्षी पणजीला कंपनी हवी असे ठरले, नेमके तेच वर्ष. ते काम महापालिकेने केले, तिच्या कामगारांनी केले, आणि घराघरांतल्या बायकांनी दोन डबे ठेवून केले. त्याला परदेशी सल्लागार लागला नाही. लोकांशी रोज बोलावे लागले, एवढेच. आणि लोकांशी रोज बोलण्याची सोय कंपनीत नसते.

कंपनी तर अलीकडची. आपल्या शहराचे अधिकार त्याआधीच वाटले गेले होते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची १८ कामे लिहिली आहेत आणि त्यांत पहिलेच नाव आहे शहर नियोजनाचे. पणजीत काय दिसते? नियोजन पीडीएकडे, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे. पाणी आणि मलनिस्सारण वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिले. वीज वीज खात्याकडे. महापालिकेचा आयुक्त सरकार नेमते. मांडवीच्या पात्रात सहा कॅसिनो नांगरलेले. त्यांना मुदतवाढ मंत्रिमंडळ देते, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या, कचरा आणि रात्रीचा गोंगाट बांदोडकर मार्गावर आपल्या वाट्याला येतो. कॅसिनो हटवण्याचे आश्वासन कुठल्या पक्षाने दिले नाही ते शोधून सांगावे. कला अकादमी चार्ल्स कुरैया यांनी बांधली, साऱ्या गोव्याच्या नाटकवेड्यांचे ते घर. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याबद्दल जाब विचारायला पणजी महापालिकेच्या सभागृहाला जागाच नव्हती. शहर पणजीचे, इमारत पणजीत, आणि पणजी बघ्यांच्या गर्दीत.

सगळा दोष वरच्यांवर ढकलून महापालिकेला सोडून देण्याचा आमचा विचार नाही. मार्केटचे बघा. जे पूर्णपणे महापालिकेच्या हातात आहे, त्या मार्केटच्या नव्या इमारतीतल्या दुकानांचे भाडेकरार वर्षानुवर्षे रखडले. थकबाकी आणि वीजबिले यांवरून वाद झाले. ज्याच्याकडे करार नाही, तो दुकानदार दुरुस्तीवर पैसा का घालेल? आणि ज्या महापालिकेचे हक्काचे भाडे येत नाही, ती सरकारपुढे ताठ कशी उभी राहील? खिसा रिकामा असला की मान खाली जाते. कंपनीला दार उघडून दिले ते या ढिलाईने.

शहराचा मध्य जिवंत ठेवतो तो बाजार. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात जा. डोंगरातली फळे, पाने, कंद घेऊन गावागावांतल्या बाया पहाटेपासून बसलेल्या असतात. अष्टमीच्या फेरीला जा. मळ्यातल्या मारुतीच्या जत्रेला जा, खाजे घ्या. या गर्दीला कुणी सल्लागार नेमला नव्हता. या बसणाऱ्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. आधी पाहणी करा, दाखला द्या, मगच हलवण्याची भाषा करा, असे तो कायदा सांगतो; नगर विक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांच्या, असेही सांगतो. अतिक्रमणाची गाडी आली की हा कायदा कुणालाच आठवत नाही.

फोंतेन्हास या जुन्या वस्तीचे दुखणे आणखी वेगळे. तिथल्या भिंती रंगवल्या, फोटो जगभर गेले. आता राहणाऱ्यांना खिडकी उघडायची सोय नाही. समोर कुणीतरी पोझ देऊन उभे असते. घरामागून घर पाहुण्यांची खोली नाहीतर कॅफे होत चालले आहे. राहणारे निघून गेल्यावर वारसा म्हणून काय उरेल? नाटकाचा पडदा!

पणजीकर गप्प बसतात, असे समजणाऱ्यांना जुन्या गोमेकॉची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या वास्तूची, गोष्ट सांगा. २००४ मध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीत आला, त्यासाठी त्या आवारातल्या जुन्या इमारती दुरुस्त झाल्या. आणि पुढे त्या ऐतिहासिक वास्तूत मॉल काढण्याचा घाट घातला गेला. नागरिक उभे राहिले, आणि तो मॉल झाला नाही. आज तिथे कलेची प्रदर्शने भरतात. म्हणजे आपण अडवू शकतो. आता अडवण्यापुरते न थांबता ठरवण्याचा हक्क मागायचा आहे.

तो आत्ताच का मागायचा? ३१ मार्च २०२५ ला मिशन संपले. ज्या कामासाठी कंपनी जन्मली ते काम संपले, तर कंपनीही संपायला हवी. पण या कंपन्या मोडू नका, त्यांना नवनवी कामे द्या, असा केंद्राचा सल्ला आहे. आणि शहरात तात्पुरते म्हणून आलेले किती वर्षे मुक्काम ठोकते, ते मांडवीतल्या बोटींकडे पाहून कळतेच.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. कंपनीने केलेल्या प्रत्येक कामाचा हिशेब, ठेकेदाराचे नाव, देखभालीची मुदत आणि जमिनीखालचे नकाशे महापालिकेच्या खास सभेत लोकांसमोर मांडावेत. मालमत्ता महापालिकेकडे द्यावी, आणि तिच्या देखभालीचा पैसाही द्यावा. नाहीतर कॅमेरे आणि दिवे बंद पडतील तेव्हा बोल मात्र महापालिकेला बसेल. यापुढे प्रभागातला कुठलाही रस्ता खणण्याआधी त्या प्रभागातल्या लोकांची सभा घ्यावी आणि खणण्याची व बुजवण्याची तारीख नाक्यावर फलक लावून जाहीर करावी. मार्केटचे करार पुरे करावेत. विक्रेता समिती कागदावरून उठून कामाला लागावी. आणि कंपनीकडे सोपवलेले अधिकार काढून घेण्याचा ठराव सभागृहाने करावा. सरकारने तो मानला नाही, तर कोणी मानला नाही ते निदान नावानिशी कळेल.

तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तुमच्या रस्त्याचा ठेका किती रकमेचा होता आणि देखभालीची जबाबदारी किती वर्षे ठेकेदारावर आहे, एवढेच दोन प्रश्न विचारा. मिळालेले उत्तर इमारतीच्या जिन्यात लावा. तुमच्या वसाहतीची, देवळाच्या किंवा चर्चच्या मंडळाची, दुकानदारांच्या संघटनेची बैठक असेल तिथे हे पत्रक वाचून दाखवा.

आणि मत मागायला जो कोणी दारात येईल, मग तो कुठल्याही पॅनलचा असो, त्याला चहा द्या आणि विचारा : कंपनीकडचे अधिकार परत घेण्याच्या ठरावावर तू सही करणार का? हो की नाही? "बघूया" म्हणाला, तर त्याला मत देऊ नका.

— पणजीचे काही नागरिक

(वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या.)